ओढायचा दोरा

वकीलकाकांचा लेखी खुलासा पोस्टानं आला तेव्हा मुंगी तिच्या उंच खुर्चीत बसून केळं कुस्करत होती. मी तो उभ्या उभ्याच वाचला. तीन पानं होती, नीट टाइप केलेली, प्रत्येक पानाखाली सही. दुसऱ्या पानावर माझ्याबद्दल लिहिलं होतं. तक्रारदार त्या काळात बाळंतपणात गुंतलेल्या होत्या, त्यांची मनःस्थिती स्थिर नव्हती, आणि वारंवार सांगूनही त्यांनी वडिलांचा मृत्यूदाखला आणून दिला नाही. सबब कोर्टात वारसाचा अर्ज दाखल होऊ शकला नाही. मृत्युपत्राचा मात्र आपण त्यांच्या वडिलांच्या निधनानंतर बारकाईनं अभ्यास केला होता आणि अर्जाचा मसुदा तयार ठेवला होता.

‘बारकाईनं’ हा शब्द मी पुन्हा वाचला. मग मुंगीचे हात पुसायला गेले, कारण तिनं केळं कानात भरायला सुरुवात केली होती.

तिसऱ्या पानावर साक्षीदारांची यादी होती. यादीत एकच साक्षीदार होती. माझी आई.

मुंगी माझी मुलगी, तेव्हा चौदा महिन्यांची. वकीलकाका आमचे रक्ताचे कोणी नव्हेत. बाबांचे शाळेपासूनचे मित्र, म्हणून काका. त्यांच्याविरुद्ध मी वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे तक्रार केली होती, आणि आमच्या दोन्ही घरांत ती गोष्ट अशी बोलली जायची, जणू मी भर रस्त्यात एका म्हाताऱ्या माणसाची टोपी उडवली होती.

बाबा बाइंडर होते. भाड्याच्या एका लांबट गाळ्यात ते आणि आई मिळून छत्तीस वर्षं पुस्तकं बांधत होते. ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची दप्तरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध. आई शिवायची, बाबा पुठ्ठा कापून कापड चढवायचे. मी त्याच गाळ्यात कटिंग मशीनपासून चार हात लांब आखलेल्या खडूच्या रेघेअलीकडे बसून अभ्यास केला आणि पदवीपर्यंत पोचले. घाबरटपणा बहुतेक त्या रेघेनंच शिकवला. आजही कुठल्याही खोलीत गेले की मी आधी धारदार काय आहे ते बघते.

गाळ्यात एक काम फक्त ओळखीच्या माणसांसाठी व्हायचं, ते म्हणजे बंद पेटी. कुणाला महत्त्वाचे कागद जपून ठेवायचे असले की बाबा त्या कागदांच्या मापाची पुठ्ठ्याची पेटी करायचे आणि तिच्यावर चहूबाजूंनी बाइंडिंगचं कापड चढवायचे, अगदी पुस्तकासारखं. कपाटात ठेवली तर पुस्तकच वाटावी. तिला झाकण नसायचं, फट नसायची. कापडाच्या आत आई एक मेणाचा लाल दोरा फिरवून घ्यायची आणि त्याचं टोक खालून बोटभर बाहेर सोडायची. उघडायची वेळ आली की ते टोक धरून ओढायचं. कापड सरळ रेषेत फाटत जायचं आणि पेटी मधोमध दुभंगायची. एकदाच. पुन्हा लावता येत नाही. बाबा म्हणायचे, कागद कुणी बघितले की नाही, हे कागदाच्या मालकाला कळायला हवं.

दुखणं समजल्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, गाळ्याचा भाडेकरार त्याला जोडला, सगळं एका बंद पेटीत घातलं आणि पेटी स्वतः रिक्षानं जाऊन वकीलकाकांच्या हातात दिली. आम्हाला एवढंच सांगितलं की काका बघून घेतील. दोन महिन्यांनी बाबा गेले. मला तेव्हा पाचवा महिना होता.

काकांनी बघून घेतलं नाही. पण हे कळायला आम्हाला वर्ष जावं लागलं, कारण काका कधी नाही म्हणायचेच नाहीत. कधीही विचारा, अर्ज टाकलाय, तारीख लागायचीय. त्यांच्या कचेरीत काचेच्या कपाटात वरच्या खणात पेटीचा हिरवा कणा दिसायचा. ते तिकडे बोट करून म्हणायचे, “तुझा बाप तिथं बसलाय, बाळ. माझ्यावर नजर ठेवून आहे. मी चुकीन का?” आणि मला रडू यायचं. रडू आलं की प्रश्न विचारायचे राहून जायचे. हे त्यांना ठाऊक होतं असं मी म्हणत नाही. पण दर वेळी ते कपाटाकडे बोट करायचे, एवढं मी पाहिलंय.

बाबा जाऊन तेरावा महिना लागला आणि गाळ्याला कुलूप लागलं. मालकिणीनं दारावर कागद चिकटवला होता: कराराच्या चौदाव्या कलमाप्रमाणे वारसानं एक वर्षाच्या आत मृत्युपत्राच्या प्रतीसह लेखी कळवायला हवं होतं, ते कळवलं नाही, करार संपला. चौदावं कलम आम्ही त्या दारात उभं राहून पहिल्यांदा वाचलं. आईच्या हातात किल्ली होती. तिनं ती नव्या कुलपाला लावून पाहिली, लागणार नाही हे माहीत असून.

प्रेस आणि कटिंग मशीन चार माणसांनी उचलून आईच्या दिवाणखान्यात आणून ठेवली. दिवाण बाहेर गेला, खाना उरला, असं माझा नवरा म्हणाला. कुणी हसलं नाही. गाळ्यात आता नळ आणि तोट्या विकतात.

आई काकांकडे एकटी जाऊन आली. परत आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाली, “तू दाखला वेळेवर दिला असतास तर…” वाक्य तिनं पुरं केलं नाही. पुढचे पाच महिने ते तसंच अर्धं आमच्या दोघींच्या मध्ये लोंबत राहिलं. ती मुंगीला घ्यायची, खेळवायची, माझ्याशी भाजीच्या भावाबद्दल बोलायची. पण मला काय म्हणायचंय ते ऐकून घ्यायला तयार नव्हती. काका म्हणाले होते, दाखला मिळाला नाही. काका तिच्या लग्नात बाबांच्या बाजूला उभे होते. आणि मी कोण? बाळंतपणानंतर तीनतीनदा गॅस बंद आहे का बघणारी, मुंगीच्या नाकाखाली बोट धरून श्वास मोजणारी मुलगी. विसरली असेल, असं कुणालाही वाटावं. खरं सांगायचं तर काही दिवस मलाही वाटलं.

पण मी वही ठेवते.

मुंगी वजनानं कमी जन्मली, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दुधाच्या वेळा लिहायला सांगितल्या होत्या. तीन महिन्यांनी त्या म्हणाल्या, आता पुरे. मला पुरे करता आलं नाही. दूध, झोप, शी, ताप, कोण आलं, काय म्हणालं, सगळं त्या वहीत जातं. नवरा तिला पोलीस ठाण्याची डायरी म्हणतो. गाळ्याला कुलूप लागल्यावर एका दुपारी मी पहिल्या वहीपासून वाचायला बसले. मुंगी तीन आठवड्यांची असताना, मंगळवारच्या पानावर, माझ्याच अक्षरात होतं:

‘९.४० दूध, डावीकडे बारा मिनिटं. ११.२० काकांच्या हातात मृत्यूदाखल्याची दुसरी प्रत. पहिली सापडत नाही म्हणाले. त्यांच्या जिन्यात ३८ पायऱ्या. १२.०५ शी, पिवळी.’

म्हणजे दोनदा दिला होता. दुसऱ्यांदा तर टाके ओले असताना.

त्या पानांत काकांना केलेले एकेचाळीस फोन होते, आणि समोर त्यांची उत्तरं. पुढच्या आठवड्यात. तारीख लागली की कळवतो. एकदा त्यांनी अर्जाचा क्रमांकही दिला होता. मी मुंगीला पोटाशी बांधून कोर्टात गेले. तिथल्या कारकूनबाईंनी नोंदवही काढून बघितली. तो क्रमांक दोन शेजाऱ्यांच्या कुंपणभिंतीच्या भांडणाचा होता. बाबांच्या नावानं काहीच दाखल नव्हतं. कधीच नव्हतं. बाईंनी वहीवरून मुंगीकडे आणि मुंगीवरून माझ्याकडे पाहिलं आणि मी न विचारताच एका चिठ्ठीवर समितीचा पत्ता लिहून दिला.

तर खुलासा आला त्याच आठवड्यात वकीलकाका स्वतः आमच्याकडे आले. पिवळं रबरी बदक घेऊन. मुंगीनं ते लगेच तोंडात घातलं आणि मी लगेच काढलं, कारण त्याच्या पोटातली शिट्टी सुटी होती. नवऱ्यानं चहा टाकला. काका खुर्चीत मागे रेलून म्हणाले की ते रागावलेले नाहीत. लेकराच्या काळजीत माणूस काहीही करतं. समितीतली माणसं काय, सगळी त्यांच्याच व्यवसायातली. उगीच शोभा कशाला. तक्रार मागे घेतलीस तर ते खुलासाही मागे घेतील, आणि माझ्या मनःस्थितीबद्दल कुठेच काही लिहिलेलं राहणार नाही.

मी विचारलं, “आणि पेटी?”

“पेटी कुठं पळतेय? सुरक्षित आहे. तूही मोकळी, मीही मोकळा.”

“दाखला मी दिला नाही, असं तुम्ही आईला सांगितलंत.”

काकांनी कप बशीत ठेवला. आवाज चढवला नाही. त्यांचा आवाज कधीच चढत नाही. म्हणाले, “बाळ, ती वही तू तिथं नेशील. ते मोठ्यानं वाचतील. दूध किती वाजता, शी कुठल्या रंगाची. चार परकी माणसं हसतील. तुला चालेल?”

खरं सांगते, मला नाही चालणार असंच वाटलं. पण मुंगी माझ्या मांडीवर होती आणि बदक परत मागत होती, दोन्ही हात पुढे करून, एवढ्या हक्कानं, की मला तिचा हेवा वाटला.

“हसू देत,” मी म्हणाले. “हसण्यासाठी तरी वाचतील. तुम्ही तर तेवढंही वाचलं नाहीत.”

हे शेवटचं वाक्य मी का म्हणाले ते मला ठाऊक नाही. माझ्या हातात पुरावा काहीच नव्हता. काका उठले, नवऱ्याला म्हणाले, जावईबापू, जरा समजवा, आणि गेले. नवऱ्यानं समजावलं नाही. दातांच्या दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करतो तो. एकदा खोलून बघितल्याशिवाय कशालाच बिघडलंय म्हणत नाही आणि ठीक आहे असंही म्हणत नाही. त्यानं फक्त विचारलं, हरलीस तर? मी म्हटलं, तर आई ते वाक्य पुरं करेल. तो म्हणाला, मग जा.

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, पाण्याच्या तांब्यावर उपडी बशी. टेबलामागे तिघं. मधोमध अध्यक्षबाई, पासष्टीच्या पुढच्या, चष्म्याला साखळी. त्यांच्या उजवीकडे एक जाडजूड गृहस्थ, जे पेन्सिलीला टोक करत होते आणि शेवटपर्यंत करत राहिले. डावीकडे एक तरुण वकील, नवा कोट. भिंतीला लागून दोन बाकं होती. एका बाकावर मी. समोरच्या बाकावर काका, आणि त्यांच्या शेजारी, पर्स मांडीवर उभी धरून, आई. मुंगी तिच्याकडेच होती. इतक्या लांबून मला मुंगीचे फक्त पायमोजे दिसत होते. एक निघायला आला होता.

आधी वही वाचली गेली. काकांनी स्वतःच मागून घेतली आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचली. त्यांचं वाचन चांगलं आहे. कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. ‘शी, पिवळी’ला ते थांबले. जाडजूड गृहस्थांची पेन्सिल थांबली आणि त्यांच्या खांद्यांना हलकंसं हसू आलं. तरुण वकील खाली बघत राहिला. काका म्हणाले की यात पावती नाही, सही नाही, साक्षीदार नाही; एका काळजीत बुडालेल्या मुलीचं मन यात आहे, आणि त्याबद्दल त्यांना सहानुभूतीच वाटते.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, यावर काही बोलायचंय का.

मी उठले. म्हटलं की त्यांनी वाचलं ते सगळं खरं आहे. माझ्या मुलीनं त्या दिवशी पिवळीच शी केली होती. ती नोंद कुणाला खोटी वाटत नसेल तर तिच्या आधीची ओळ खोटी का वाटावी? दोन्ही एकाच पेनानं लिहिल्यात. मी काळजी करते. काळजी करणारं माणूस विसरत नाही; विसरता आलं असतं तर काळजी कशाला केली असती?

खांदे हलायचे थांबले. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, आवाजात राग नव्हता, की तरीही हा एका बाजूचा शब्द झाला. मी बसले. त्यांचं बरोबर होतं.

मग काकांची पाळी. त्यांनी कातडी पिशवीतून पेटी काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली, देवघरात ठेवावी तशी. दीड वर्षानं ती मी जवळून बघत होते. बाटलीसारखं हिरवं कापड, कोपरे बाबांच्या पद्धतीनं दुमडलेले, एकही सुरकुती नाही. काका म्हणाले, मित्राचा ठेवा, यावर त्यांनी धूळसुद्धा बसू दिलेली नाही. मित्र गेल्यावर यातला शब्द न् शब्द त्यांनी तपासलाय. अडलं ते फक्त दाखल्यापाशी.

तरुण वकिलानं पेटी हातात घेतली, फिरवली, पुस्तकासारखी उघडायला गेला आणि थांबला. त्यानं विचारलं, मृत्युपत्र नेमकं कुठल्या पानावर आहे?

काकांनी खालच्या बाजूनं लोंबणाऱ्या लाल टोकाला बोट लावलं. “खूण घातलेलीच आहे,” ते म्हणाले.

मला ते कळायला एक क्षण लागला. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी समोरच्या बाकावर हालचाल झाली. आई उठली होती. ती खोलीच्या मधून सरळ माझ्याकडे आली, मुंगीला माझ्या मांडीवर दिलं, निसटणारा पायमोजा वर ओढला, आणि मग टेबलाकडे वळली.

“ती खूण नाही,” आई म्हणाली. “तो ओढायचा दोरा आहे.”

अध्यक्षबाईंनी तिला ती कोण ते विचारलं. यांची साक्षीदार, असं म्हणून आईनं काकांकडे मान वळवली, पण बघितलं नाही. मग बोलायला लागली, आणि मला गाळा आठवला, कारण नव्या गिऱ्हाइकाला समजावताना ती अशीच बोलायची, हळू, एकेक टाका घालत. ही पेटी तिच्या नवऱ्यानं केली. दोरा तिनं घातला, स्वतः मेण लावून. या पेटीला झाकण नाही. आतला कागद बघायचा तर दोरा ओढावाच लागतो, आणि ओढला की कापड फाटतं, ते कुणालाही सांधता येत नाही. तिलाही येत नाही. आणि हे कापड फाटलेलं नाही. तिनं पेटी उचलून चारही बाजू अध्यक्षबाईंना दाखवल्या.

“हिला कुणी उघडलेलीच नाही,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्यानं बंद केली तशीच आहे.”

काकांनी हात वर केला. म्हणाले, वहिनी भावनेच्या भरात आहेत. मित्रानं पेटी बंद करायच्या आधीच त्यांना सगळं वाचायला दिलं होतं.

अध्यक्षबाईंनी साखळीचा चष्मा लावला आणि खुलाशाचं दुसरं पान काढलं. “इथं तुम्ही लिहिलंय, निधनानंतर अभ्यास केला. आत्ताही तेच म्हणालात. कधी केलात?”

काका म्हणाले, लिहिण्यात जरा गफलत झाली असेल.

“बरं. मसुदा?”

मसुदा कचेरीत होता. तो आणायला माणूस पाठवू का, असं बाईंनी विचारल्यावर तो कचेरीत असण्याबद्दल काकांना तितकी खात्री उरली नाही.

बाईंनी पेटी आईपुढे सरकवली आणि उघडायला सांगितलं. आईनं लाल टोक तर्जनीभोवती दोन वेढे गुंडाळलं. आमच्याकडे अशी पेटी उघडायची म्हणजे आवाज ऐकायचा. लहानपणी मी त्यासाठी गाळ्यात धावत यायचे. कापड फाटण्याचा एकसंध, लांब आवाज, एकाच श्वासात. मुंगीनं तो पहिल्यांदा ऐकला आणि मान वळवली.

सगळ्यात वर बाबांची चिठ्ठी होती. अध्यक्षबाईंनी ती स्वतः वाचली, मोठ्यानं, कुठेही न थांबता.

‘मित्रा, सगळ्यात आधी भाडेकराराचं कलम चौदा बघ. मी गेल्यापासून वर्षाच्या आत मालकिणीला कळवायचं. बाकी सगळं सावकाश केलंस तरी चालेल, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. हे मात्र आधी कर. पोरीला त्रास देऊ नकोस, तिचे दिवस भरत आलेले असतील.’

त्याखाली सही आणि तारीख.

मग काका म्हणाले, हळूच, की हे त्यानं त्यांना तोंडीही सांगितलं होतं. बहुधा त्यांना वाटलं असेल यानं बाजू सावरेल. पेन्सिलवाल्या गृहस्थांनी त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

“म्हणजे ठाऊक होतं,” ते म्हणाले, आणि पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं.

बाहेर जिन्यात काकांनी आम्हाला गाठलं. आईला म्हणाले, वहिनी, पन्नास वर्षांची मैत्री. आई एक पायरी खाली होती. तिनं वर बघून सांगितलं की मैत्री त्यांच्या मित्राची होती, आणि मित्रानं चिठ्ठीत ती निभावलेली आहे. मग काका माझ्याकडे वळून म्हणाले, “झालं समाधान, बाळ?”

मी म्हटलं, “मला बाळ म्हणू नका. माझं बाळ हे आहे.” आणि मुंगीनं, कुणी न शिकवता, त्यांच्या चष्म्याला हात घातला. तो मी सोडवून परत दिला. मोडू दिला नाही.

आईनं ते अर्धं वाक्य कधी पुरं केलं नाही, आणि माफीही मागितली नाही. ती तसली नाहीच. बसथांब्यावर उभं असताना ती एकदम म्हणाली, “अडतीस पायऱ्या?” मी म्हटलं, हो. ती म्हणाली, “टाके ओले असताना. मला सांगायचंस तरी, मी गेले असते.” मी सांगितलं होतं. पण ते मी तेव्हा बोलले नाही, वहीत आहे.

सहा आठवड्यांनी निर्णय आला. समितीनं लिहिलं होतं की वकिलांनी पक्षकाराचं काम हाती घेऊन त्याकडे पूर्ण दुर्लक्ष केलं, पक्षकाराला खोटा क्रमांक दिला, समितीपुढे खोटं लिहिलं, आणि स्वतःची चूक पक्षकाराच्या मुलीच्या माथी मारली. दाखला मुलीनं दोन वेळा दिल्याचं समिती मान्य करते. ही ओळ आईनं मला फोनवर तीनदा वाचायला लावली, चष्मा सापडत नाही या सबबीखाली. शिक्षा म्हणून वकिली एका वर्षासाठी बंद. त्या काळात कचेरीवरची पाटी उतरवायची.

गाळा परत मिळाला नाही. तो मिळणार नव्हताच. मालकीणबाईंनी निर्णय वाचला, वाईट वाटलं म्हणाल्या आणि आत नळ बघायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. आई आता दिवाणखान्यातच शिवते. मी कापड चढवायला शिकतेय. माझे कोपरे जाड होतात. जमिनीवर खडूची नवी रेघ आहे आणि मुंगी दिवसातून पन्नासदा ती ओलांडते. मी पन्नासदा उचलून मागे ठेवते.

बरेच जण म्हणाले, आता झालं ना, आता सोड. सासूबाई म्हणाल्या, नवरा एकदा म्हणाला, डॉक्टरीणबाईंनाही कुठून कळलं तर त्याही म्हणाल्या. शिक्षा झाली, म्हातारा माणूस, आता आपण आपलं बघावं.

मी आपलंच बघत होते. निर्णयाला पंधरा दिवस झाले त्या दिवशी मी मुंगीला घेऊन काकांच्या कचेरीच्या जिन्यात गेले. यावेळी पायऱ्या मोजल्या नाहीत, मुंगीनं मोजल्या, एक, दोन, एक, दोन. वर दाराशेजारी पितळी पाटीच्या जागी एक कॅलेंडर टांगलेलं होतं. बर्फाळ डोंगराचं चित्र, मागच्या वर्षाचं. आतून काकांचा आवाज येत होता, कुणाला तरी सांगत होते, तारीख लागली की कळवतो.

मी कॅलेंडर एका बोटानं उचलून बघितलं. पाटी होती. चकचकीत, नुकतीच पुसलेली. काकांनी धूळ बसू दिली नव्हती.

कॅलेंडर तसंच सोडलं. पायरीवर बसले, मुंगीला दुधाची बाटली दिली आणि पिशवीतून वही काढली.

‘११.१५. दूध, ९०. पाटी अजून आहे, कॅलेंडराखाली. आत अशील. समितीला आज पत्र.’

मग तारीख घातली, आणि यावेळी खाली सहीसुद्धा केली.